शिरपेच कार्डाची फी

लेक: आणि हे बघा, सातव्या पानावर. महिन्यातून दोन वेळा गोल्फ फुकट.

बाबा: हो. दोन वेळा.

लेक: बाबा, तुम्ही आयुष्यात कधी गोल्फ खेळलाय?

बाबा: नाही.

लेक: त्याची काठी तरी हातात धरलीय?

बाबा: तशी वेळ आली नाही. आली तर पैसे पडणार नाहीत, एवढंच त्यात म्हटलंय.

लेक: गुडघ्याला पट्टा बांधून जिना उतरता तुम्ही.

बाबा: गोल्फला जिना नसतो. मैदान असतं. खाली फोटो आहे बघ.

लेक: पुढचं ऐका. विमानतळावरच्या लाउंजमध्ये वर्षाला बारा वेळा मोफत प्रवेश. शेवटचे विमानात कधी बसलात?

बाबा: तुझ्या पदवीदानाला आलो होतो तेव्हा.

लेक: एकोणीस वर्षं झाली.

बाबा: म्हणजे आता पुन्हा योग जवळ आला असेल.

लेक: आणि हे तर कळसच आहे. जोडप्यासाठी मसाज आणि वाफेचं स्नान, वर्षातून एकदा. आईला जाऊन चार वर्षं झाली. जोडपं कुठून आणणार आहात?

बाबा: तेवढा एक फायदा वाया जातो, कबूल आहे.

लेक: आणि एवढ्या ऐश्वर्याचे वर्षाला फक्त दहा हजाराला एक कमी. वर कर. तो एक कशाला कमी ठेवलाय म्हणे?

बाबा: मला वाटलं, त्यांच्याकडे सुटे नसतील.

लेक: कुणी गळ्यात मारलं हे तुमच्या?

बाबा: बँकेतल्या टायवाल्यानं. पहिलं वर्ष फुकट म्हणाला. म्हणाला, सर, तुमच्यासारख्या माणसाला हेच कार्ड शोभतं.

लेक: आणि तुम्ही चढलात हरभऱ्याच्या झाडावर.

बाबा: माझ्यासारखा म्हणजे कसा, ते विचारणार होतो. पण मागे रांग होती, उगाच त्याला अडचणीत कशाला टाका.

लेक: शिरपेच कार्ड. नाव तरी काय ठेवलंय. तुरा वेगळा मागवावा लागतो का?

बाबा: तुझा चहा निवतोय, डॉक्टरीणबाई. आणि मुळात तू आज उगवलीस कशी? फोन नाही, निरोप नाही. रविवारी सकाळी दहा वाजता दारात उभी. मला वाटलं, मीटरवाला आला.

लेक: नऊ वाजता ऑपरेशन होतं. पेशंटला चारदा बजावलं होतं, सकाळी पोटात पाणीसुद्धा नको. पठ्ठ्या बसून नाश्ता करून आला. अशाला भूल देता येत नाही, ऑपरेशन पुढं ढकललं. आणि सर्जननं सालटी काढली माझी, जसं काही मीच त्याला चमच्यानं भरवलं.

बाबा: मग?

लेक: मग काय, मधले दोन तास मोकळे मिळाले. पुढची केस साडेअकराची आहे. सव्वाअकराला निघते.

बाबा: त्या पेशंटला माझ्या वतीनं धन्यवाद सांग. काय खाल्लं होतं ते विचारून ठेव, पुन्हा उपयोगी पडेल.

लेक: टोमणे मारून विषय बदलू नका. फी भरायची आजची शेवटची तारीख आहे, इथं लाल अक्षरात लिहिलंय. आजच बंद करून टाकू.

बाबा: इतकी काय घाई आहे?

लेक: शेवटची तारीख म्हणजे काय असतं, बाबा? हे दुसरं काय आहे पाकिटात? 'आपण वर्षभरात घेतलेला लाभ.' वा, हिशोबच दिलाय बिचाऱ्यांनी. लाउंज, शून्य. गोल्फ, शून्य. मसाज, शून्य. सिनेमाची तिकिटं, शून्य. 'विशेष साहाय्य सेवा, एकेचाळीस वेळा.' हे काय?

बाबा: काय ते?

लेक: मी विचारतेय, काय ते. एकेचाळीस वेळा कसलं विशेष साहाय्य घेतलंत?

बाबा: चौकशा केल्या.

लेक: कसल्या?

बाबा: जनरल.

लेक: कुणाकडे?

बाबा: असते तिकडे एक. अडतीस नंबर.

लेक: माणसाला नाव असतं.

बाबा: असेल. पण ड्यूटीवर नंबरच सांगायचा असतो. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेच होतं. मी एकतीस वर्षं सात नंबर होतो. तुझी आई रात्रपाळीची बावीस नंबर. माझं नाव तिनं लग्नपत्रिकेत पहिल्यांदा वाचलं.

लेक: झालं. ट्रंक कॉलचं पुराण सुरू झालं.

बाबा: तूच नाव काढलंस. आणि पुराण म्हणून नाक मुरडू नकोस, त्यात शिस्त होती. आधी कॉल बुक करायचा, रिसीव्हर ठेवायचा आणि वाट बघायची. लाइन मिळाली की आम्ही पलीकडे विचारणार, पार्टी हजर आहे का, बोलायला मोकळी आहे का. हो म्हटलं तर जोडणार. तीन मिनिटांनी हळूच मध्ये बोलणार, तीन मिनिटं झाली, वाढवायचं का.

लेक: आणि लोक तुमचा उद्धार करणार.

बाबा: करायचे ना. पण विचारल्याशिवाय कुणाच्या घरात कुणाचा आवाज घुसत नव्हता. आता काय, कुणीही उठावं आणि केव्हाही कुणाच्या खिशात वाजावं.

लेक: हे मात्र शंभर टक्के खरं. मला विचारा. तुमच्या ह्याच शिरपेचवाल्यांनी वर्षभर माझा जीव खाल्लाय.

बाबा: तुझा?

लेक: दर रविवारी. बरोबर साडेदहाला. घड्याळ लावून घ्या. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. सात नंबर ब्लॉक केलेत आत्तापर्यंत. बापाला टोपी घातली, आता लेकीला घालायची असेल.

बाबा: उचलत नाहीस तू?

लेक: एकदा उचलला आणि असा काही झाडला की दुसरी कुणी असती तर नोकरी सोडून गेली असती. पुढच्या रविवारी साडेदहाला पुन्हा हजर. कोडगेपणालाही काही हद्द असते.

बाबा: किती वाजले गं?

लेक: साडेदहाला दोन कमी.

बाबा: तुझा फोन जरा बंद करून ठेव. बॅटरी वाचेल.

लेक: बॅटरी भरपूर आहे. आणि हॉस्पिटलचा फोन आला तर?

बाबा: मग माझ्याबरोबर गच्चीवर चल. टाकीत पाणी आलंय का बघू. फोन राहू दे इथंच.

लेक: तुम्हाला झालंय काय? गुडघा घेऊन गच्चीवर?

(लेकीचा फोन वाजतो.)

लेक: घ्या. नाव काढलं आणि हजर. आज स्पीकरवर टाकते. तुम्हीही ऐका तुमच्या शिरपेचाची माणसं.

बाबा: कट कर, ठकू.

लेक: कट कशाला? आज वेळ आहे मला. हॅलो.

अडतीस नंबर: नमस्कार मॅडम. शिरपेच कार्डाच्या विशेष साहाय्य सेवेतून अडतीस नंबर बोलतेय. आपण बोलायला मोकळ्या आहात का?

लेक: अगदी मोकळी आहे. बोला, काय विकताय? गोल्फ, की जोडप्याची वाफ?

अडतीस नंबर: विकायचं काही नाही, मॅडम. आमच्या एका सभासदांना आपल्याशी तीन मिनिटं बोलायचं असतं. आपण मोकळ्या असाल तर मी जोडून देते.

लेक: कोण सभासद?

अडतीस नंबर: नाव आधी सांगायचं नाही अशी त्यांची सूचना आहे. नाव ऐकलं की मॅडमना वाटेल काहीतरी झालंय, आणि हातातलं काम बिघडेल. आधी फक्त मोकळ्या आहात का तेवढं विचारा, असं ते म्हणतात.

लेक: असं म्हणणारा कोण आहे हा इतका समंजस?

बाबा: अडतीस नंबर, आजचा कॉल रद्द करा. मी कळवायला विसरलो.

अडतीस नंबर: सर? आपण पार्टीच्या घरी आहात?

बाबा: पार्टी माझ्या घरी आलीय. न सांगता.

लेक: बाबा. हा काय प्रकार आहे?

बाबा: ट्रंक बुक केला होता.

लेक: कुणाला?

बाबा: तुला.

लेक: मला? माझा नंबर आहे तुमच्याकडे. दहा आकडे दाबायचे.

बाबा: दाबले होते. गेल्या वर्षी, एका मंगळवारी. तू ऑपरेशनमध्ये होतीस. कुणीतरी फोन तुझ्या कानाला लावला आणि तू म्हणालीस, 'बाबा, असा केव्हाही फोन करत जाऊ नका. मोकळी आहे का ते आधी विचारत जा.'

लेक: अहो, ते मी घाईत बोलले. समोर माणूस उघडा पडला होता टेबलावर.

बाबा: बरोबर बोललीस. मला पटलं ते. फक्त विचारायला आधी फोन करावा लागतो, तिथं घोडं अडलं. मेसेज पाठवावा तर मेसेज म्हणजे तार, वाचणाऱ्याचं आधी धस्स होतं. तेवढ्यात हे कार्ड आलं. पुस्तिकेत लिहिलं होतं, सभासदांच्या वतीनं कुणाशीही संपर्क साधून वेळ ठरवून देऊ. सातव्याच पानावर आहे, गोल्फच्या खाली. तू वाचलं नाहीस.

लेक: आणि तुम्ही रविवार निवडलात.

बाबा: रविवारी तू लोकांना झोपवत नाहीस, असा माझा समज होता.

लेक: अडतीस नंबर, तुम्ही मला एकेचाळीस वेळा फोन केलात?

अडतीस नंबर: मी एकोणचाळीस वेळा, मॅडम. दोन रविवारी माझी रजा होती, तेव्हा चोपन्न नंबरनं केला.

लेक: मी एकदा उचलला होता. काय बोलले होते, आठवतं तुम्हाला?

अडतीस नंबर: मॅडम, आपलं बोलणं रेकॉर्ड होतं. तेच शब्द माझ्या तोंडून पुन्हा रेकॉर्ड व्हायला नकोत.

बाबा: काय बोलली होती?

अडतीस नंबर: 'पार्टी उपलब्ध नाही' असं कळवलं होतं, सर.

बाबा: ते तर तुम्ही दर वेळी कळवता.

अडतीस नंबर: आपणच शिकवलंत, सर. पार्टी रागावली, ओरडली, तर ते ऑपरेटरनं पोटात ठेवायचं. बुक करणाऱ्याला फक्त लाइनचं सांगायचं.

बाबा: हो. बरोबर आहे. नियम तोच आहे.

लेक: मी सांगते काय बोलले ते. म्हणाले, 'रविवारीसुद्धा लोकांना छळता, तुम्हाला घरची माणसं नाहीत का?'

बाबा: असं म्हणालीस?

लेक: असंच म्हणाले. वर आणखी बरंच म्हणाले, पण हे सगळ्यात वाईट होतं. आत्ता कळतंय किती वाईट होतं ते. अडतीस नंबर, मला माफ करा. माझंच चुकलं.

अडतीस नंबर: ठीक आहे, मॅडम. इतरांच्या मानानं आपण बऱ्याच सौम्य होता.

लेक: मीही करत होते की फोन, बाबा. अगदीच काही टाकलं नव्हतं तुम्हाला.

बाबा: कोण म्हणतं टाकलं? पाच केलेस वर्षात. त्यातला एक तुझ्या पर्समधून आपोआप लागला होता. मी पूर्ण ऐकला. गाडी लावण्यावरून कुणाशी तरी भांडत होतीस. फार छान भांडलीस.

लेक: तुम्ही बोलला का नाहीत मग?

बाबा: तू मोकळी नव्हतीस.

अडतीस नंबर: सर, मॅडम, मध्ये बोलते, माफ करा. आजची नोंद काय करू? कॉल रद्द?

बाबा: रद्द करा. आणि कार्डही बंद करून टाका. आता सगळं उघड झालं, दहा हजार कशाला घालवायचे? ही मगाचपासून तेच म्हणतेय.

लेक: काही बंद करू नका. कॉल जोडा.

बाबा: अगं, समोर बसलीयस तू.

लेक: मी आत स्वयंपाकघरात जाते. बेचाळिसाव्या रविवारी लाइन मिळालीय तुम्हाला, ती सोडू नका. अडतीस नंबर, पार्टी उपलब्ध आहे. जोडा.

बाबा: जातेस तर दार ओढून घे. नाहीतर आवाज घुमतो.

(लेक आपला फोन घेऊन आत जाते. बाबांचा फोन वाजतो.)

अडतीस नंबर: पार्टी लाइनवर आहे, सर. बोला.

बाबा: हॅलो.

लेक: हॅलो.

बाबा: मोकळी आहेस का?

लेक: मोकळी आहे. बोला, बाबा.

बाबा: थांब हं, चिठ्ठ्या काढतो. खरंच लाइन मिळेल असं वाटलं नव्हतं.

लेक: कसल्या चिठ्ठ्या?

बाबा: दर रविवारची एक. काय बोलायचं ते आधी लिहून ठेवायचं, म्हणजे तीन मिनिटांत बसतं. नाहीतर लोकांची दोन मिनिटं हॅलो हॅलोतच जायची. ही पहिली बघ. 'लाल सायकलला गिऱ्हाईक आलंय. विकू का?'

लेक: माझी लाल सायकल? विकलीत?

बाबा: तुला विचारायचं होतं ना. तू उपलब्ध नव्हतीस. जिन्याखालीच आहे. ही दुसरी कुठली? हं. 'भाजीत मीठ जास्त पडलं तर काय करतात?'

लेक: बटाटा घालतात, बाबा. मग तुम्ही काय केलंत?

बाबा: खाल्ली. ही सव्विसाव्या रविवारची. 'उजव्या कानानं ऐकू येत नाही. कुणाला दाखवू?'

लेक: काय?

बाबा: उजव्या कानानं.

लेक: ते ऐकलं मी. सव्विसावा रविवार म्हणजे चार महिने झाले त्याला. चार महिने तुम्हाला एका कानानं ऐकू येत नाही आणि मी त्या वेळी घरी पाय पसरून फोन कट करत होते?

बाबा: डावा चांगला आहे. फोन मी डाव्यालाच लावतो. त्यामुळे तसं काही अडलं नाही.

लेक: अडलं नाही म्हणे. उद्या सकाळी नऊला तयार राहा. आमच्या कानाच्या डॉक्टरांकडे मी स्वतः नेते. कारणं सांगायची नाहीत.

बाबा: उद्या सोमवार. तुझी ऑपरेशनं असतील.

लेक: असतील. तिघाचौघांना नाश्ता करून यायला सांगते.

बाबा: बरं. नऊ वाजता.

लेक: आजची चिठ्ठी कुठली आहे?

बाबा: आजची राहू दे. तिचं उत्तर आलंच.

लेक: वाचा.

बाबा: 'कार्डाची वार्षिक फी भरावी का?'

लेक: अडतीस नंबर, तुमचं काय मत?

अडतीस नंबर: मॅडम, फी भरावी की नाही यावर मत द्यायला आम्हाला मनाई आहे. गोल्फविषयी माहिती देऊ शकते.

लेक: गोल्फ नको. बाबा, फी भरा. तुम्ही कशाला, मीच भरते.

बाबा: अगं, आत्ता अर्धा तास माझी टिंगल केलीस त्यावरून. आणि आता गरजच काय? आता तू करशील की फोन.

लेक: करीन. पुढच्या रविवारी करीन. त्याच्या पुढच्या रविवारीही करीन. तिसऱ्या रविवारी कुणाचं तरी अपेंडिक्स फुटेल. चौथ्या रविवारी मी दमलेली असेन. मग तुम्ही चिठ्ठ्या लिहायला लागाल आणि मला पत्ताही लागणार नाही. मी मला चांगली ओळखते, बाबा.

बाबा: इतकं खरं बोलू नकोस. मला सवय नाही.

लेक: भूल देताना आम्ही पेशंटच्या घशात एक नळी घालतो आणि तशीच दुसरी शेजारी तयार ठेवतो. ती दुसरी शंभरात एखाद्याला लागते. पण ती नसेल तर मी कुणाला भूल देत नाही. हे कार्ड ती दुसरी नळी आहे. राहू दे हाताशी.

बाबा: फारच महाग नळी आहे.

लेक: दहा हजाराला एक कमी. आणि ते ब्लॉक केलेले सात नंबर मी आत्ताच सोडवतेय. सगळे 'बाबा' नावानं ठेवतेय, म्हणजे माझा हात लाल बटणाकडे जाणार नाही.

बाबा: मग माझा खरा नंबर कुठल्या नावानं ठेवशील?

लेक: तो आहे तसाच राहील. त्यावरून केव्हाही करा. आधी विचारू नका.

बाबा: आणि ऑपरेशनमध्ये असलीस तर?

लेक: तर कुणीतरी फोन कानाला लावेल आणि मी म्हणेन, 'बाबा, तासाभरानं करते.' आणि करीन. आता पुढची चिठ्ठी वाचा.

बाबा: तुझी साडेअकराची केस आहे ना? बऱ्याच आहेत अजून. सगळ्याच काही महत्त्वाच्या नाहीत. एक तर नुसती पाल निघाली होती त्याची आहे.

लेक: कुठं निघाली होती?

अडतीस नंबर: माफ करा, मध्ये बोलतेय. तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?

लेक: वाढवा.